घड्याळजींचा दुसरा डोळा

मी दुर्बीण बोलतेय. लगेच आकाशाकडे बघू नका. चांदण्या दाखवते ती माझी थोरली बहीण. तिचा थाटच वेगळा, तिला बसायला तीन पायांची बैठक लागते आणि लोक तिच्यासमोर तासन्‌तास मान वाकवून उभे राहतात. मी धाकटी. दीड वीत लांबीची, अंगानं काळी, रायफलीच्या पाठीवर बसून दिवस काढणारी. माझ्या पोटात केसाएवढ्या रेघांची एक फुली आहे. ती फुली कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर आणून ठेवली की बाकीचं सगळं दुर्बीण बघून घेते, असं नवख्या माणसाला वाटतं. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं धुळीला दाराबाहेरच अडवतात. पांढरा डगला घातलेल्या एका बाईनं माझ्या काचा घासल्या. प्रत्येक काच ती दिव्यासमोर धरायची आणि मनासारखी नसली की चकार शब्द न बोलता पुन्हा घासायला घ्यायची. शेवटी माझ्या पोटात कोरडा वायू भरला आणि दोन्ही तोंडं घट्ट बंद केली. म्हणून थंडीच्या सकाळी चष्मेवाल्यांच्या काचांवर वाफ धरते, माझ्या आत धरत नाही. याचा मला थोडा गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

माझे पहिले मालक एक ठेकेदार होते. त्यांच्याकडे एक जडशीळ रायफल होती आणि शिकवणाऱ्याची गरज नाही असा दांडगा विश्वास होता. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, "साहेब, डोळा दुर्बिणीला चिकटवू नका, चार बोटं मागं ठेवा. चित्र पूर्ण गोल दिसलं, कडेला काळी सावली नसली, की अंतर बरोबर समजायचं." साहेबांनी मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी दरवाजाच्या भोकातून बघावं तसा डोळा मला लावला. गोळी सुटली, रायफलीनं मागे धक्का दिला आणि माझी कड त्यांच्या भुवईवर अशी बसली की तिथं सुबक चंद्रकोर उमटली. घरी त्यांनी कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायानं दोष माझ्याकडे आला आणि मी नेमबाजीच्या क्लबात विकली गेले. उत्तम झालं.

क्लबातल्या मिस्त्रीनं मला एका हलक्या रायफलीवर बसवलं. या रायफलीचा धक्का म्हणजे मांजरानं डोकं घासावं तेवढाच. मिस्त्री मोठा शांत माणूस. एक स्क्रू थोडा आवळायचा, मग समोरचा थोडा, मग पुन्हा पहिला, असं करत त्यानं मला सरळ बसवलं. मग रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, काढून ठेवला, मागून नळीच्या आरपार बघितलं आणि दूरचा काळा ठिपका नळीच्या मधोमध आणला. रायफल तशीच जखडून ठेवून माझ्या डोक्यावरची आणि कुशीतली चकती एकेक टिक करत फिरवली. नळीला दिसतं तेच मला दिसायला लागलं तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "जमलं जोडप्याचं." तेव्हापासून मी आणि ही रायफल एकत्र नांदतोय. कुरबुर होते, पण कोणत्या घरात होत नाही?

क्लबात शिकवायला एक मुलगी होती. तिच्या दुप्पट वयाचे लोकसुद्धा तिला ताई म्हणायचे. तिचा आवाज हळू होता, पण तिचं म्हणणं दोनदा सांगावं लागत नसे. नवीन माणसाला ती पहिल्या दिवशी रायफलीला हातच लावू द्यायची नाही. पिवळ्या पट्ट्याच्या मागे बसवून नुसतं बघायला सांगायची. नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडे. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. रायफल खाली ठेवायची ती बोल्ट मागे ओढूनच. आणि कागद बघायला पुढे जायच्या आधी ती प्रत्येक रायफलीत स्वतःची करंगळी घालून आत काही नाही ना, हे चाचपायची. एकानं विचारलं, "ताई, दिसतंय की रिकामी आहे." ती म्हणाली, "डोळ्याला जे बघायचं असतं ते दिसतं. बोटाला तसली खोड नाही."

तिचा एक रिवाज साऱ्या क्लबाला पाठ होता. ज्याची नळी चुकूनसुद्धा माणसाकडे वळली, तो त्या दिवशी घरी. आरडाओरडा नाही, वाद नाही, दंड नाही. पुढच्या रविवारी यायचं आणि परत पहिल्यापासून सुरू करायचं. काही जण त्यानंतर कधी आलेच नाहीत. अपमान पचवायला पोट मोठं लागतं.

वर्षातून एकदा क्लबात जोडीचा सामना व्हायचा. एक जण क्लबातला, दुसरा त्याच्याच घरचा आणि त्याच वर्षी शिकायला लागलेला. नवरा-बायको यायचे, भाऊ-बहीण यायचे, एकदा एक सासू-सून आल्या होत्या आणि दोघींचं तिथं जेवढं जमलं तेवढं घरी कधी जमलं नसेल. ताई मात्र दर वर्षी हातात शिट्टी घेऊन कडेला उभी असायची. तिच्या घरून कुणी यायचंच नाही. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मुलीनं हे शिकायला घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "घरात टिकटिक आहे तेवढी पुरे, त्यात ही ठो ठो कशाला?" त्यानंतर त्यांनी अडवलं नाही, पण एकदा तरी बघायला यावं, तेही केलं नाही. ती पदक घेऊन घरी गेली तर ते विचारायचे, "जेवलीस का?"

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सामना झाला की पंधरवड्यात ती जाणार होती. आणि एका रविवारी सकाळी ती लोखंडी कपाट उघडत असताना फाटकातून घड्याळजी आत आले. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग तसंच लोंबत होतं, काढायचं विसरले असावेत.

"बाबा? आणि दुकान?"

"दुकान कुठं पळून जातंय. तो तुमचा जोडीचा सामना आहे ना, मला शिकव."

"मग काल घरी का नाही बोललात?"

"घरी तुझी आई ऐकत असते."

ती हसली, पण मला कपाटातून उचलताना तिचा हात ओला लागला. इतक्या वर्षांत तिनं जे मागितलंही नव्हतं ते चालून आलं होतं. आता दिवस थोडे होते आणि प्रश्न एकच होता, सामन्यापर्यंत बाप तयार होतो का. नेमाचं सोडा हो, नेम येतो. पण जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिनं 'बोट काढा' म्हटलेलं चालेल का, हा खरा प्रश्न.

सुरुवात झकास झाली. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं उचललेले हात ते, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवली की माझी फुली दगडावर कोरल्यासारखी उभी. पहिली गोळी सुटली ती ठिपक्याच्या जरा उजवीकडे लागली. घड्याळजींनी लगेच माझी चकती फिरवली. दुसरी डावीकडे गेली. त्यांनी चकती उलटी फिरवली. तिसरी वर गेली, म्हणून वरची चकती. असं करता करता त्यांनी मला गरगर फिरवून सोडलं. मला माझीच फुली ओळखू येईना.

"बाबा, काय करताय?"

"घड्याळ पुढं जात असेल तर मागं करायला नको?"

ताई त्यांच्या शेजारी चटईवर बसली. "एक सांगा. घड्याळ दुरुस्त केलं की लगेच गिऱ्हाइकाला देता का?"

"छे. चार दिवस दुकानात चालवून बघतो. रोज सारखंच पुढं जात असेल तर काटा लावायचा. कधी पुढं, कधी मागं, असं असेल तर दोष आत असतो, मग काट्याला हात लावून उपयोग काय?"

बोलता बोलता ते थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे हिचा दोष नाही."

"तीन गोळ्या एका जागी पडू द्या. मग ती जागा चुकीची असली तरी चालेल, दोन टिक फिरवून मी ती बरोबर करून देईन. तीन जागी पडताहेत तोवर दोष आत आहे."

तो आतला दोष तिनं काय युक्तीनं शोधला बघा. एकेक काडतूस ती स्वतः भरून देऊ लागली आणि मध्येच एकदा, त्यांना न सांगता, रिकामं टरफल भरलं. घड्याळजींनी श्वास अर्धा सोडला, थांबले, चाप दाबला. आवाज झालाच नाही. पण आवाज होणार या धास्तीनं त्यांचा खांदा असा दचकला की माझी फुली ठिपका सोडून पार मातीत गेली.

"दुर्बीण हलली," घड्याळजी म्हणाले.

"हो. कुणी हलवली?"

हात स्थिर असण्याचा त्यांना अभिमान होता, त्याला हा धक्का बसला. पण त्या दिवसापासून ते चाप ओढायचे थांबले आणि हळूहळू दाबायला लागले, इतक्या हळू की गोळी सुटली की त्यांनाच नवल वाटायचं. नेम किंचित बाजूला गेला तर रायफल ढकलायची नाही, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, डोळे उघडून फुली कुठं आहे ते बघायचं आणि पोट सरकवून अख्खं शरीर वळवायचं, हेही ते शिकले. फक्त डावा डोळा ऐकेना. भिंग लावून काम करणाऱ्याचा दुसरा डोळा जन्माचा मिटलेला. ताई सांगायची, "दोन्ही उघडे ठेवा बाबा, दुर्बीण एवढंसंच दाखवते." मला तिचं हे बोलणं जरा झोंबायचं. घड्याळजी 'हो' म्हणायचे आणि डोळा मिटायचे.

आणि मग तो रविवार आला. घड्याळजींच्या तीन गोळ्या एका जागी पडल्या. एका बोटाच्या पेरानं तिन्ही भोकं झाकावीत, इतक्या जवळ. बाजूच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहणाऱ्यानं ओरडून सांगितलं. घड्याळजींना काय झालं कुणास ठाऊक, ते रायफल हातात धरूनच उठले आणि मागे वळले.

"चिंगे, बघितलंस का गं?"

चिंगी हे तिचं घरचं नाव. वळताना नळी बाकावर बसलेल्या सगळ्यांवरून फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. इतक्या जवळचं मला धड दिसत नाही, सगळं धुरकट होतं. त्या धुरकट गोलात एक चेहरा होता आणि त्याच्या गळ्यापाशी माझी फुली होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट घटका. मला डोळे मिटता येत नाहीत.

"तोंड समोर. खाली ठेवा. बोल्ट मागे," ती म्हणाली. आवाज नेहमीइतकाच हळू होता. त्यांनी तसं केलं.

"रिकामी होती गं."

"आत काय होतं?"

"मारलेलं टरफल असेल."

"असेल?"

तिनं करंगळीनं रायफल तपासली, मग वडिलांकडे बघितलं. "आज घरी जा, बाबा."

क्लबातला एक ज्येष्ठ मनुष्य मध्ये पडला, "अगं ताई, वडील आहेत, पहिलीच वेळ आहे." ती फक्त म्हणाली, "म्हणूनच." घड्याळजींनी गळ्यातलं भिंग नीट केलं, चपला घातल्या आणि फाटकातून निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. त्या दिवशी मला पेटीत ठेवताना तिनं माझी टोपणं दोनदा चुकीच्या बाजूला लावली. मला तिचा राग आला नाही, पण वाईट मात्र फार वाटलं. आता ते येणार नाहीत, अशी माझी खात्री झाली होती.

घरी काय झालं ते मला पुढे सामन्याच्या दिवशी कळलं, कारण घड्याळजींची बायको बाकावर बसून शेजारणीला सगळं सांगत होती. "बापलेक आठवडाभर एकमेकांना मीठ दे, पाणी दे, याच्यापुढं काही बोलले नाहीत. मी म्हटलं, अहो, लेकीनं वर्गाबाहेर काढलं म्हणून रुसलात? तर म्हणतात कसे, रुसलो नाही. ती नळी तिच्या गळ्यापाशी होती, ती मला रोज दिसतेय."

पुढच्या रविवारी फाटक उघडायच्या आधी घड्याळजी बाहेर उभे होते. पिवळ्या पट्ट्याच्या मागे, नवख्यांच्या रांगेत जाऊन बसले. ताई आली तेव्हा बाकीचे उठले तसे तेही उठले आणि म्हणाले, "आज कुठून सुरुवात, ताई?"

थट्टेनं नाही, अगदी मनापासून. ताई म्हणाली, "पहिल्यापासून. या चटईवर." मला तेव्हा त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की काचांचा गर्व त्यापुढे काहीच नाही.

त्या दिवसापासून डावा डोळासुद्धा वठणीवर आला. दुकानात बसून ते दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंगातून बघायचा सराव करायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, यांना काहीतरी झटका आला. पण नळीच्या आसपास काय आहे, कोण आहे, हे बघायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

सामन्याच्या दिवशी वारा होता. ताईनं आपल्या गोळ्या संपवल्या, सगळ्या ठिपक्याच्या पोटात. मग घड्याळजी पालथे झोपले. एकामागून एक गोळी जागेवर पडत गेली. शेवटची राहिली तेव्हा ही जोडी पहिली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. फुली ठिपक्याच्या मधोमध, गोल पूर्ण, कडेला सावली नाही, श्वास अर्धा सोडलेला. मी मनात म्हटलं, आता दाबा. माझ्या गोलात जगात दुसरं काही नव्हतंच.

घड्याळजींचं बोट चापावरून बाजूला झालं. बोल्ट मागे आला. आणि या माणसानं, ज्याचा आवाज दुकानात घड्याळांच्या वर कधी चढला नव्हता, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "थांबा!"

क्लबात थांबा कुणीही म्हणू शकतं आणि म्हटल्यावर कारण विचारायचं नसतं. सगळे बोल्ट मागे आले, माणसं पट्ट्याच्या मागे गेली, ताईनं करंगळी फिरवली. "डावीकडे, बांधाच्या पायथ्याशी, काहीतरी पांढरं हललं," घड्याळजी म्हणाले. एक जण जाऊन बघून आला. निशाणाचा एक जुना कागद वाऱ्यानं सुटला होता आणि गवतात लोळत होता.

"एका कागदासाठी?" बाकावरून कुणीतरी पुटपुटलं.

"माणूस असता तर?" ताई तिकडे न बघताच म्हणाली.

गेलेला वेळ त्यांना परत मिळाला, नियमच तसा आहे. पण छातीतली धडधड काही परत जागेवर गेली नाही. मी वाळूच्या पिशवीवर तिच्या ठोक्यागणिक डुलत होते. शेवटची गोळी कागदाच्या कोपऱ्यात गेली आणि जोडी पहिल्या तिघांतसुद्धा राहिली नाही.

घड्याळजी उठले, हात झटकले. "तुझं पदक घालवलं बघ मी."

ताई म्हणाली, "बाबा, मी इतक्या जणांना शिकवलं. दुर्बिणीबाहेरचं बघून कधी कुणी थांबलं नाही." आणि मग, इतक्या लोकांसमोर, शिकवणाऱ्या बाईनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाकावरची आई शेजारणीला म्हणाली, "हे असं घरी करायला काय होतं यांना?"

ताई आता दुसऱ्या गावी असते. जाण्याआधी तिनं क्लबाला सांगितलं, नवख्यांना रविवारी बाबा बघतील. ते नेम शिकवत नाहीत, त्याला मिस्त्री आहे. ते बसवतात, बघायला लावतात, करंगळी घालायला शिकवतात. मी सुखात आहे. काचेवर एक बारीक चरा पडलाय, शर्टाच्या टोकानं पुसणाऱ्या एका हौशी माणसाची ती कृपा. तुमच्या हाती कधी माझ्यासारखी आली तर मऊ कापड वापरा, चकत्या उगाच फिरवू नका, आणि मी दाखवते तेवढंच जग आहे असं मानू नका. मी मानत होते.

काल रविवारी सगळे गेल्यावर घड्याळजी मला पुसत बसले होते आणि शेजारी बाकावर फोन मोठ्या आवाजात चालू होता.

"आज कुणाला घरी पाठवलंत, बाबा?"

"क्लबाच्या अध्यक्षांना."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. मग तिनं विचारलं, "रागावले असतील. आता येतील का परत?"

"येतील की," घड्याळजी म्हणाले आणि माझं टोपण लावलं. "मी नव्हतो आलो?"